पुरीचा समुद्र आणि आपण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून नाट्यसंगीतापर्यंत सर्व भारदस्त विषय इतर वक्त्यांनी आधीच पटकावले, आणि आमच्या वाट्याला उरला तो समुद्र. कार्यकारिणीने आम्हांस विषय कळविला तेव्हा त्यात ‘सहलीच्या दृष्टीने काही उपयुक्त सूचना’ असे शब्द होते. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, हे व्याख्यान विद्वत्तेचे नाही. पुरीच्या पाण्यात उतरावयाचे कसे, आणि एकदा आम्ही कसे उतरू नये तसे उतरलो, एवढेच यात आहे.

जमशेदपूरच्या मराठी माणसाला समुद्र म्हटला की पुरीच आठवते. रत्नागिरी-मालवण आपल्या मनात असते, परंतु रजेचा अर्ज पुरीसाठी असतो. रात्री टाटानगरला पुरुषोत्तम एक्स्प्रेसमध्ये वळकट्या टाकाव्यात आणि सकाळी जगन्नाथाच्या दारी उतरावे, इतके ते सोपे आहे. पुरीला रेल्वे आली १८९७ मध्ये. तोवर यात्रेकरू जगन्नाथ सडकेने चालत येत असत. समुद्रकाठी हवा खाण्यास जाणारी पुरी ही खऱ्या अर्थाने त्या रुळांवरून आली.

मराठी माणसाचा पुरीशी संबंध मात्र रुळांहून जुना आहे. १७५१ च्या तहाने बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने ओरिसाचा मुलूख नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या हाती दिला, आणि सरहद्द ठरली ती सुवर्णरेखा नदी. ज्या नदीच्या काठी आपण गणपती विसर्जन करतो, तीच ही. पुढे १८०३ मध्ये इंग्रजांनी पुरी व कटक घेतले आणि देवगावच्या तहाने तो अंमल संपला. जगन्नाथमंदिराच्या सिंहद्वारासमोर जो उंच, एकसंध दगडी अरुणस्तंभ उभा आहे, तो मराठ्यांच्या काळात कोणार्कहून आणून तेथे उभारण्यात आला. आपल्या सहलीत पोराबाळांना हे सांगितले म्हणजे त्यांच्या छात्या फुगतात. त्याच प्रदेशाच्या उत्तरेला, बंगाल्यात, आपल्या बारगीरांच्या नावाने मुलांना अजूनही झोपवितात, हेही मग त्यांना सांगावे म्हणजे फुगलेल्या छात्या बेताच्या होतात. असो.

पुरीच्या समुद्राला ‘महोदधी’ म्हणतात आणि तेथील पंचतीर्थांत त्याची गणना आहे. म्हणजे तेथे पाण्यात उतरणे ही आधी यात्रा होती, मौज मागाहून आली. आजही स्वर्गद्वाराच्या वाळूत एका बाजूला पिंडदान चाललेले असते, चार पावलांवर स्मशानाचा धूर असतो, आणि त्याच पाण्यात कलकत्त्याहून आलेले कुटुंब एकमेकांचे हात धरून लाटेगणिक ओरडत असते. प्रथम पाहणाऱ्यास हे विचित्र वाटते. दोन दिवस राहिल्यावर त्यात विचित्र असे काही राहात नाही.

चैतन्य महाप्रभूंनी आयुष्याची अखेरची वर्षे पुरीत काढली. त्यांच्या चरित्रात अशी कथा आहे की, चांदण्या रात्री समुद्र पाहून त्यांना यमुनेचा भास झाला आणि त्यांनी पाण्यात उडी घेतली. पुढे एका कोळ्याच्या जाळ्यात ते सापडले. ही कथा आम्ही कितीदा तरी ऐकली होती. परंतु नदी समजून समुद्रात उडी घेणारास शेवटी कोळ्यानेच बाहेर काढावे लागते, हा तिचा अर्थ आमच्या ध्यानी आला तो २०१४ च्या डिसेंबरात.

ती हकीकत आता सांगितलीच पाहिजे. सभागृहात त्या सहलीतील निदान वीस माणसे बसलेली आहेत, आणि आम्ही ती न सांगितल्यास चहाच्या वेळी ते सांगतील.

त्या वर्षी एकतीस माणसांची सहल गेली होती. पहिल्या सकाळी सर्व मंडळी वाळूवर आली तेव्हा एक नोलिया आमच्यापाशी आला. नोलिया म्हणजे पुरीचे कोळी. ते तेलुगूभाषी, आंध्रच्या किनाऱ्याकडून येऊन स्थायिक झालेले. पेंटाकोटा ही त्यांची मोठी वस्ती. वेताची शंकूच्या आकाराची टोपी, कमरेला आखूड वस्त्र आणि काखेत मोटारच्या चाकातली फुगविलेली ट्यूब, हे त्यांचे रूप पुरी पाहिलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. पूर्वी लाकडाचे ओंडके दोरांनी बांधून केलेल्या नावांतून ते मासेमारीस जात. तमिळमध्ये बांधलेल्या लाकडाला ‘कट्टुमरम’ म्हणतात, आणि इंग्रजांनी ‘कॅटमरान’ हा शब्द तेथूनच उचलला. आता बहुतेक नावा फायबरच्या आणि इंजिनाच्या झाल्या आहेत. परंतु यात्रेकरूंना हात धरून लाटांत नेणे व आणणे हा त्यांचा दुसरा धंदा जुनाच आहे.

त्या नोलियाने सकाळभराचे दोनशे रुपये सांगितले. आम्ही शंभर म्हणालो. तो दीडशेवर आला. तेव्हा आमच्यातील एक ज्येष्ठ, ज्यांना आपण सर्व अण्णा म्हणतो, त्यांनी विचारले, ‘हा मनुष्य करणार काय? हात धरणार? आम्ही काय पोरे आहोत?’ अण्णा वाईचे. भर पावसाळ्यात कृष्णेच्या घाटावरून उड्या मारलेले. दुसरे गृहस्थ सांगलीचे. पूर आला की आयर्विन पुलावरून पाण्यात झेप घेणाऱ्यांत त्यांचे नाव होते, असे ते स्वतः सांगतात. आणि तिसरे आम्ही, पंचगंगेचे. तिघांचे मिळून वय एकशे साठ होते, आणि तिघांनी शेवटचे पोहून निदान वीस वर्षे झाली होती, हा हिशेब त्या वेळी कोणीही केला नाही. नोलियाला आम्ही वाटेस लावले.

सहलीत एक काकू होत्या, मालवणच्या. मंडळींत समुद्राकाठी जन्मलेल्या त्या एकट्याच. त्या पाण्यात घोट्याच्या वर गेल्या नाहीत. आमच्याकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, ‘दर्यात जातास तर तेका विचारून जावा.’ आम्ही हसलो. आम्हां घाटावरच्या माणसांना कोकणी माणसाचे भय नेहमीच थोडे विनोदी वाटत आले आहे.

मालवणचा किंवा मुंबईचा समुद्र पाहिलेल्या माणसाला पुरीचा समुद्र फसवितो, आणि तो कसा ते सांगणे येथे आवश्यक आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खडक आहेत, खाड्या आहेत, डोंगरांची टोके पाण्यात शिरलेली आहेत. त्यांच्या कुशीत पाणी शांत राहाते. भरती-ओहोटीतले अंतर मोठे असते आणि ती डोळ्यांना दिसते. पुरीला यांपैकी काही नाही. मैलोगणती सरळ वाळू, समोर उघडा बंगालचा उपसागर, भरती-ओहोटीचा फरक मुंबईच्या मानाने बराच कमी, आणि किनारा उतरता. त्यामुळे लाट दूरवर मोडून फेसाळत येत नाही. ती अगदी जवळ येऊन उभी राहाते आणि पायांपाशी कोसळते. जेथे गुडघाभर पाणी होते तेथे क्षणात छातीइतके होते. मुले आनंदाने किंचाळतात ती याच क्षणासाठी.

तथापि खरी भीती या लाटेची नाही. लाटा जे पाणी किनाऱ्याकडे लोटतात ते परत कोठून तरी जावयास हवे. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचे लांबट बांध तयार झालेले असतात. परतणारे पाणी त्या बांधांत जेथे खिंड सापडेल तेथे एकवटते आणि अरुंद पट्ट्याने वेगात आत धावते. हा वेग कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. त्याच्या तोंडावर चांगला पोहणाराही फार काळ टिकत नाही. या ओढीचे विशेष असे की, ती माणसाला खाली बुडवीत नाही, ती त्याला आत नेते. आणि जेथे ती असते तेथे लाटा कमी फुटत असल्यामुळे पाणी शांत दिसते. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत रस्ता. नवखा माणूस उतरावयास नेमकी तीच जागा निवडतो.

आम्हीही तीच निवडली.

पहिली दहा मिनिटे उत्तम गेली. अण्णांनी दोन लाटा डोक्यावरून जाऊ दिल्या आणि विजयी मुद्रेने किनाऱ्याकडे हात हलविला. किनाऱ्यावरच्यांनीही हात हलविला. मग आमच्या लक्षात आले की, किनाऱ्यावरची माणसे जरा लहान दिसू लागली आहेत. आम्ही वळलो आणि हात मारू लागलो. नदीत पोहणाराला जे शिकविलेले असते ते हेच, की काठ दिसतो आहे ना, मग त्याच्याकडे तोंड करून हात मारीत राहा. पन्नास हात मारले तेव्हा काठ होता तेथेच होता. आणखी मारले तेव्हा तो मागे गेला. सांगलीचे गृहस्थ ओरडून काही सांगत होते, ते ऐकू येत नव्हते. अण्णांचा चेहरा पांढरा पडलेला आम्हांस स्पष्ट दिसला, आणि त्याच वेळी त्यांनी पुन्हा हात वर केला. किनाऱ्यावरच्यांनी पुन्हा हात हलवून उत्तर दिले.

आमची सौभाग्यवती त्या वेळी वाळूत नातीसाठी किल्ला करीत होती. तिने मागाहून सांगितले की, तिला वाटले, आज स्वारी फार खुशीत आहे.

तेवढ्यात कोणी तरी आमच्या काखेत ट्यूब खुपसली. तोच नोलिया होता. त्याच्यामागे आणखी दोघे होते. त्यांनी आधी अण्णांना धरले. आम्ही सवयीने किनाऱ्याकडे जोर करू लागलो, तेव्हा त्याने आमच्या मनगटावर चक्क थापट मारली आणि आडवे, म्हणजे किनाऱ्याला समांतर, ओढावयास सुरुवात केली. तीसचाळीस हात आडवे गेल्यावर ती ओढ एकाएकी सैल झाली. तेथे लाटा फुटत होत्या, आणि त्याच लाटांनी आम्हांला वाळूवर आणून टाकले. सारा प्रकार दहा मिनिटांचाही नसेल. अण्णा तासभर बोलले नाहीत. तो नोलिया मात्र बराच वेळ तेलुगूत बोलत होता, आणि त्यातला एक शब्द न कळताही आम्हांस सर्व कळत होते. शेवटी तो हिंदीत म्हणाला, ‘बाबू, यह नदी नहीं है।’

आमचा समज असा झाला की, हाकलून दिल्यावरही तो केवळ माणुसकीने आमच्यावर लक्ष ठेवून बसला. रात्री जेवताना खरी गोष्ट उघडकीस आली. आमची घासाघीस चालू असताना मालवणच्या काकू शेजारीच होत्या. आम्ही त्याला परत पाठविल्यावर त्यांनी त्याला बाजूला बोलावून कनवटीचे दोनशे रुपये दिले आणि त्या तिघांवर डोळा ठेव म्हणून सांगितले. काकूंना हिंदी बेताचेच येते आणि तेलुगू मुळीच येत नाही. तो व्यवहार कोणत्या भाषेत झाला हे त्यांनी आजतागायत सांगितलेले नाही. आम्ही त्यांचे दोनशे परत करू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ऱ्हावंदेत. तुमी शंभर वाचवलात ना, ते पुरे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मनुष्य त्याच जागी आला आणि त्याने तेच दोनशे रुपये सांगितले. कोणीही काही बोलले नाही.

त्या सहलीनंतर आपल्या मंडळाने तीन गोष्टी ठरविल्या, आणि त्या अजून पाळल्या जातात. सहलीत नोलिया ठरविल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नाही, आणि तो दाखवील तीच जागा. पाण्यात असलेल्यांवर लक्ष ठेवणारा एक मनुष्य किनाऱ्यावर असतो, आणि त्याने त्या वेळात किल्ला बांधावयाचा नाही. तिसरी गोष्ट अशी की, हात वर करणे म्हणजे मदत हवी, ही खूण सर्वांना आधी सांगितली जाते. गंमत म्हणून हात हलवावयाचा नाही. आणि कोणी ओढीत सापडलाच तर पाठीवर तरंगावे, दम राखावा, ओढीशी भांडू नये, जमल्यास आडवे जावे. बांधापलीकडे ती ओढ आपोआप मंदावते. हे चार शब्द आम्हांला कृष्णा-पंचगंगेने शिकविले नव्हते, कारण तिला त्यांची गरज नव्हती.

मुलांच्या पोहण्याविषयी थोडे बोलतो. आपल्या पिढीला नदीने फुकट शिकविले. पाठीला सुका भोपळा बांधून कोणी तरी ढकलून दिले आणि आपण शिकलो. आपली मुले येथे वाढली, आणि सुवर्णरेखेत त्यांना ढकलण्याचे धाडस कोणी करू नये हेच बरे. परंतु गावात तलाव असताना मंडळाच्या बहुतांश मुलांना पोहता येऊ नये, हे आम्हांस बरे वाटत नाही. गेल्या काही उन्हाळ्यांत मंडळाच्या खटपटीने पंचवीसएक मुले शिकली, त्यांत मुली अधिक. आयांची संख्या अद्याप दोनच आहे. त्या दोघी पुढच्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून नावे घेत नाही.

आता पुरीच्या इतर मौजांकडे वळतो, नाही तर कार्यकारिणी म्हणेल की आम्ही मंडळींस घाबरविले. ज्यांना पाण्यात उतरावयाचे नाही त्यांच्यासाठी पुरीची वाळू पुष्कळ आहे. घोडे आहेत, उंट आहेत, संध्याकाळचा बाजार आहे, खाजे आहे. वाळूची शिल्पे आहेत. ओडिया संतकवी बलराम दासांनी समुद्रकाठी वाळूचा रथ केला, अशी तेथील परंपरा सांगते. आमच्या काळात ती कला सुदर्शन पटनाईकांनी जगभर नेली आणि २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हिवाळ्यात पहाटे उठणाऱ्यास सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो. पश्चिम किनाऱ्यावर आपण तो फक्त बुडताना पाहतो. किनाऱ्याचा एक भाग ‘गोल्डन बीच’ म्हणून राखलेला आहे. त्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले. तेथे स्वच्छतागृहे आणि कपडे बदलण्याची सोय आहे. भगिनीवर्गाची जुनी तक्रार त्याने बरीचशी दूर झाली.

वेगवान नावा आणि तत्सम नवे खेळ आम्हांस फारसे रुचत नाहीत. हा कदाचित वयाचा दोष असेल. परंतु २०२५ च्या मे महिन्यात पुरीच्या किनाऱ्याजवळ अशी एक नाव लाटेवर उलटली. माणसे सर्व वाचली, तीही किनाऱ्यावरच्या रक्षकांमुळेच. ज्यांना हौस आहे त्यांनी अंगात जाकीट घालावे आणि त्याचे बंद ओढून पाहावेत, एवढे सांगून पुढे जातो.

चिलिकेला मात्र अवश्य जावे. पुरीहून सुमारे पन्नास किलोमीटरवर सातपाडा आहे, तेथून नावा निघतात. चिलिका हे खाऱ्या-गोड्या पाण्याचे अफाट सरोवर असून पावसाळ्यात ते अकराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरते. वाळूने त्याचे मुख बुजत चालले होते, पाण्याचा खारेपणा घटला होता आणि मासळी आटली होती. २००० मध्ये समुद्राला मिळणारे नवे मुख खोदण्यात आले आणि सरोवर पुन्हा जगले. तेथे इरावडी जातीचे डॉल्फिन आहेत, बोथट तोंडाचे आणि लाजरे. नावाड्याला इंजिन बंद करावयास सांगून गप्प बसावे, म्हणजे ते पाठ दाखवितात. पाठलाग करणाऱ्यांस ते दिसत नाहीत. आमच्या नावेत आम्ही ओरडत होतो तोवर एकही दिसला नाही. सर्व कंटाळून दशम्या सोडून बसले तेव्हा चार दिसले.

परतताना कोणार्कची वाट धरावी. जवळच समुद्रकाठी चंद्रभागा नावाचे तीर्थ आहे, तेथे माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे आपल्या रथसप्तमीला, पहाटे स्नानाची मोठी यात्रा भरते. पंढरपूरच्या माणसाने हे नाव प्रथम ऐकले म्हणजे तो क्षणभर थांबतोच. आमच्यातल्या एका आजींनी तेथल्या समुद्राला हात जोडले, आणि मग ‘विठ्ठल कोठे आहे?’ म्हणून विचारले. जगन्नाथ आहे की, असे आम्ही म्हटले. त्यावर त्यांनी फार वेळ विचार केला आणि पुन्हा हात जोडले.

एक गोष्ट राहिली. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ चक्रीवादळ पुरीजवळच किनाऱ्यावर आदळले. १९९९ च्या महावादळात ओरिसात सुमारे दहा हजार माणसे गेली होती. या वेळी दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलविल्यामुळे प्राणहानी फार कमी झाली. परंतु पेंटाकोट्याची घरे उडाली. मंडळाने ताडपत्र्या, भांडी आणि धान्य जमविले, आणि आम्ही चौघे ते घेऊन गेलो. तो नोलिया शोधण्यास दोन दिवस लागले, कारण आम्हांस त्याचे नाव ठाऊक नव्हते. पाच वर्षे आम्ही त्याला ‘तो आपला नोलिया’ असेच म्हणत आलो होतो, याची त्या दोन दिवसांत लाज वाटली. तो सापडला. कुटुंब निवाऱ्यात गेले होते म्हणून सुखरूप होते. झोपडी नव्हती, नाव मोडली होती. त्याने आम्हांला ओळखले नाही. त्याने काढलेल्या माणसांत आमची काय ती गणती? मालवणच्या काकूंनी घातलेल्या नऊवारीची खूण सांगितली तेव्हा मात्र तो हसला आणि म्हणाला, ‘अम्मा कैसी हैं?’

अम्मा बऱ्या आहेत. यंदाच्या सहलीत त्या येणार आहेत. सहल नाताळच्या सुटीत निघेल. नावे आणि पैसे दिवाळीपूर्वी चिटणिसांकडे द्यावेत. चार नोलिया आताच ठरविले आहेत, नावांनिशी, आणि त्यांचे मानधन सहलीच्या खर्चात धरले आहे. ते वेगळे मागितले जाणार नाही, आणि त्यावर घासाघीसही होणार नाही. अण्णांनी आपले नाव दिले आहे. यंदा ते किनाऱ्यावर लक्ष ठेवणार आहेत.